म्यूट: आवाज दाबणारा हात कोणाचा?

२०२० च्या टाळेबंदीत मराठी घरांमध्ये एक वाक्य रोज कानावर पडू लागलं: "अहो, तुम्ही म्यूटवर आहात!" मुलांच्या ऑनलाइन वर्गात, ऑफिसच्या मीटिंगमध्ये, नाशिक आणि न्यू जर्सीच्या नातेवाइकांनी स्क्रीनवर जमून केलेल्या बारशात, सगळीकडे. तोवर हे बटण बहुतेकांना टीव्हीच्या रिमोटवरचंच माहीत होतं. म्यूट नावाची गोष्ट मात्र रिमोटपेक्षा कितीतरी जुनी आहे. व्हायोलिनवादकाकडे म्यूट असतो तो लाकडाचा चिमटा. इंग्लंडच्या जुन्या न्यायालयात म्यूट म्हणजे तोंड न उघडणारा आरोपी. चार्ल्स डिकन्सच्या काळात लंडनमध्ये म्यूट हा चक्क पेशा होता: श्रीमंतांच्या अंत्ययात्रेत काळे कपडे घालून, गप्प राहून, दुःखी चेहऱ्यानं उभं राहायचे पैसे मिळत. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधल्या अनाथ ऑलिव्हरलाही हेच काम देतात. त्याचा चेहरा मुळातच रडवेला असतो म्हणून.

या सगळ्या म्यूटांकडे पाहताना दोन प्रश्न हाताशी ठेवायचे. आवाज कोणाचा, आणि तो दाबतंय कोण?

घोडीवरचा चिमटा

व्हायोलिनची तार एकटी फारशी ऐकू येत नाही. बारीक तार हवेला ढकलणार तरी किती! तिचं कंपन तारांना आधार देणाऱ्या घोडीतून खालच्या लाकडी पेटीत उतरतं आणि ती पेटी खोलीतली हवा हलवते. म्यूट बसतो तो नेमका या वाटेवर, घोडीच्या माथ्यावर. आबनुसाचा किंवा रबराचा, तीन दातांचा, काही ग्रॅम वजनाचा हा तुकडा लावला की घोडी जड होते आणि झपाझप हलायला कुरकुरते. त्यामुळे उंच अंशस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे बारीक स्वर, पेटीपर्यंत फारसे पोचत नाहीत. आवाज थोडा लहान होतो, पण त्याहून जास्त बदलतो तो त्याचा पोत. धार जाते, मऊपणा येतो, वादक दुसऱ्या खोलीत जाऊन वाजवत असल्याचा भास होतो.

संगीतकारांनी या दूरपणाचा उपयोग फार लवकर ओळखला. फ्रान्सच्या लुलीनं १६८६ च्या 'आर्मीद' या ऑपेरात नायकाला झोप लागते त्या प्रसंगी तंतुवाद्यांना म्यूट लावले. इंग्लंडच्या पर्सेलनं १६९२ मध्ये 'द फेअरी क्वीन'मध्ये रात्र हे पात्र गाऊ लागतं तिथे हीच युक्ती केली. पितळी वाद्यांत तर ती त्याहून जुनी आहे. इटलीच्या मॉन्तेवेर्दीच्या १६०७ च्या 'ऑर्फेओ'मध्ये सुरुवातीच्या तुतारीवादनासाठी म्यूटची सूचना आहे. त्या काळच्या तुतारीत म्यूट खुपसला की तिची पट्टीच एका स्वरानं चढायची, म्हणून बाकीच्या वाद्यांनीही एक स्वर वर वाजवावं असं त्यानं लिहून ठेवलं.

पियानोवर हेच नाव दुसऱ्या भागाला मिळालं आणि घोटाळा झाला. पियानोच्या तारांवर नमद्याचे छोटे गादीदार ठोकळे टेकलेले असतात. पट्टी दाबली की ठोकळा उठतो, सोडली की परत बसून तार गप्प करतो. बेथोवेननं १८०१ मध्ये लिहिलेल्या, आज 'मूनलाइट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोनाटाच्या पहिल्या भागावर 'सेन्झा सोर्दिनो', म्हणजे म्यूटविना, अशी सूचना आहे. त्याला म्हणायचं होतं की हे ठोकळे उचललेलेच ठेवा, स्वर एकमेकांत मिसळू द्या. त्याच्या काळच्या पियानोत स्वर लवकर विरायचे, त्यामुळे ते शोभायचं. आजच्या पियानोवर ही सूचना शब्दशः पाळली तर सगळे स्वर गिचमीड होतात, म्हणून वादक पेडल बेतानं वापरतात.

अमेरिकेत १९२० च्या दशकात जॅझवाल्यांनी तर म्यूटला बोलायला लावलं. ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवणारा बबर मायली आणि ट्रॉम्बोन वाजवणारा ट्रिकी सॅम नँटन तुंबलेलं बेसिन मोकळं करायची रबरी वाटी, दांडा काढून, वाद्याच्या तोंडाशी उघडझाप करत. माणूस ओठांची उघडझाप करून 'ऊ'चा 'आ' करतो, तसंच हे. ट्रम्पेट हसल्यासारखं, कण्हल्यासारखं वाजे. पुढे १९५० च्या दशकात माइल्स डेव्हिसनं हार्मन नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा म्यूट घेतला, त्याची मधली नळी काढून टाकली आणि मायक्रोफोनला अगदी चिकटून वाजवलं. दाबलेला, पातळ, कानाशी आलेला तो आवाज हीच त्याची ओळख झाली.

अनामिकेचं काम

आपल्याकडे असा वेगळा तुकडा लागत नाही, कारण तबलजीचा हातच म्यूट असतो. 'ना' वाजवताना तर्जनी किनारीवर पडते, ते पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला दिसतं. अनामिकेकडे मात्र कोणी पाहत नाही. ती शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकी टेकलेली असते आणि तिथून उठत नाही. वरकरणी वाटतं, ती नुसती आधाराला आहे. खरं तर 'ना' घडवते ती तीच.

पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, थाप पडली की ती एकाच वेळी अनेक तऱ्हांनी हलते. सगळ्यात साधी तऱ्हा म्हणजे अख्खं कातडं एकदम वर, एकदम खाली. हा मूळ, खालचा स्वर. दुसऱ्या तऱ्हेत अर्धं कातडं वर जातं तेव्हा उरलेलं अर्धं खाली, आणि मधल्या रेषेवर कातडं जागचं हलत नाही. टेकलेली अनामिका पहिल्या तऱ्हेच्या वाटेत येते आणि तिला मारते. दुसरीच्या बाबतीत ती न हलणाऱ्या रेषेवरच असते, त्यामुळे तिला धक्काही लागत नाही. मूळ स्वर गप्प झाला की वरचा स्वर लख्ख ऐकू येतो. अनामिका उचलून शाईवर तर्जनी मारली तर 'तूं' येतो, आणि त्यात तो खालचा मूळ स्वर मोकळा गुंजतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये 'नेचर'मध्ये आणि पुढे १९३४ मध्ये विस्तारानं आपल्या चर्मवाद्यांची ही कंपनं मांडली. साध्या ढोलाचे अंशस्वर बेसूर असतात. शाईच्या वजनामुळे तबला-मृदंगाचे अंशस्वर सुरेल नात्यात येतात, हे त्यांनी दाखवलं. नवा विद्यार्थी अनामिका जोरात दाबतो, मग दोन्ही स्वर मरतात आणि उरतो नुसता ठक्क असा आवाज. गुरुजी वर्षभर सांगत राहतात ते इतकंच: बोट ठेव, दाबू नकोस.

ठेक्यातही दाबलेल्या आवाजाचं काम आहे. त्रितालात नवव्या मात्रेला खाली येते. त्यानंतर डाव्या हाताचा डग्गा घुमायचा थांबतो आणि 'धिं'च्या जागी 'तिं' येतो. चौदाव्या मात्रेला डग्गा परततो. डोळे मिटून बसलेला श्रोता सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे ओळखतो, ते बरंचसं या मधल्या गैरहजेरीवरून.

वाद्यांपुरतं सांगायचं तर इथे आवाज वादकाचा आणि दाबणारा हातही त्याचाच. एक स्वर मागे ठेवला म्हणून दुसरा पुढे येतो. यात कोणाची तक्रार असायचं कारण नाही.

छातीवरचे दगड

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात आरोपीनं 'गुन्हा कबूल' किंवा 'नाकबूल' यांपैकी काहीतरी म्हणावंच लागे. तो काहीच बोलला नाही तर खटला पुढे सरकत नसे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याची मालमत्ता राजाकडे जमा होई, त्यामुळे बायकापोरांसाठी घरदार वाचवायचं म्हणून काही जण गप्प बसायचे. मग पंच आधी हे ठरवत की हा देवाच्या करणीनं मुका आहे की मुद्दाम मुका झाला आहे. मुद्दाम गप्प असेल तर त्याला जमिनीवर उताणं निजवून छातीवर दगडांचं किंवा लोखंडाचं वजन चढवत जायचे. तो बोले तरी किंवा मरे तरी. अमेरिकेतल्या सेलम गावी १६९२ मध्ये चेटकिणींच्या खटल्यांच्या वेळी जाइल्स कोरी हा वृद्ध शेतकरी असाच चिरडून मेला. इंग्लंडमध्ये ही पद्धत १७७२ मध्ये बंद झाली, तरी तेव्हाच्या कायद्यानं गप्प बसणं म्हणजे गुन्हा सिद्ध असंच मानलं. १८२७ मध्ये ते उलटलं: आरोपी बोलला नाही तर 'नाकबूल' अशी नोंद करून खटला चालवायचा.

गप्प राहणं हा आता आरोपीचा हक्क मानला जातो. भारतीय राज्यघटनेच्या कलम २० (३) प्रमाणे कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पोलिसी मारहाणीच्या बातम्या वाचताना हे कलम आठवावं, कारण छातीवरचे दगड गेले तरी ती मनोवृत्ती पुरती गेलेली नाही.

सिनेमा-नाटकात उलटा प्रकार दिसतो. तिथे बोलणाऱ्याला गप्प करायची सोय शासनाकडे आहे. सिनेमातली शिवी सेन्सॉरच्या सांगण्यावरून म्यूट होते, नटाचे ओठ हलतात आणि प्रेक्षक ती शिवी मनात पुरी करतो. नाटकात असं बटण नसतं, म्हणून संहिता आधीच तपासली जाते. विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर १९७२ मध्ये परिनिरीक्षण मंडळानं आक्षेप घेतले, तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या सगळ्या लढाईची हकिगत त्यांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये लिहिली आहे.

फोनवरची वाटी आणि चार दांड्या

आवाज दाबणाऱ्या एका स्वस्त वस्तूनं अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या टेलिफोन कंपनीला कोर्टात हरवलं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १९२१ पासून तिथे 'हश-ए-फोन' नावाची वाटी मिळायची. ती फोनच्या बोलायच्या भागावर अडकवली की बोलणं शेजारच्या टेबलावर जात नसे आणि ऑफिसचा गलका फोनमध्ये शिरत नसे. एटी अँड टी कंपनीचा नियम असा, की आमच्या फोनला आमच्याखेरीज कोणाचीही वस्तू जोडायची नाही. प्रकरण दूरसंचार आयोगाकडे गेलं आणि आयोगानं कंपनीची बाजू घेतली. १९५६ मध्ये अपील न्यायालयानं तो निर्णय फिरवला. त्याचा युक्तिवाद घरगुती होता: ग्राहक फोनवर स्वतःच्या हाताचा द्रोण करून बोलू शकतो, मग तेच काम वाटीनं केलं तर अडवायचं कशाला? याच निकालाच्या वाटेनं पुढे १९६८ चा 'कार्टरफोन' निर्णय आला आणि बाहेरच्या कंपन्यांची यंत्रं फोनच्या जाळ्याला जोडायची मुभा मिळाली. निरोप नोंदवणारी यंत्रं आणि मोडेम सामान्य माणसाच्या घरात आले ते त्यानंतर.

त्याच १९५६ मध्ये टीव्हीवरचा म्यूट घराघरांत शिरू लागला. झेनिथ कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांना जाहिरातींचा तिटकारा होता. त्यांच्या इंजिनिअरांनी आधी १९५५ मध्ये 'फ्लॅश-मॅटिक' काढला. तो टॉर्चसारखा प्रकाशाचा झोत टाकायचा. पडद्याच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे होते आणि त्यातला एक आवाज बंद करायचा. पण खिडकीतून ऊन आत आलं की चॅनेल आपोआप बदलायचं! मग रॉबर्ट अ‍ॅडलर यांनी 'स्पेस कमांड' बनवला. त्यात चार अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या होत्या. बटण दाबलं की छोटी हातोडी दांडीवर आदळायची, दांडी माणसाला ऐकू येणार नाही इतक्या उंच स्वरात वाजायची आणि टीव्ही तो स्वर ओळखायचा. चार बटणांची कामं अशी: चालू-बंद, पुढचं चॅनेल, मागचं चॅनेल आणि म्यूट. आवाज कमी-जास्त करण्याची सोय नव्हती, पण जाहिरातीचं तोंड बंद करण्याची मात्र होती. यंत्राला बॅटरीही लागत नसे.

इथे हात बदलतो. व्हायोलिनवादक स्वतःचा आवाज दाबत होता, वाटी लावणारा ग्राहकही स्वतःचाच. रिमोट हाती आल्यावर ऐकणारा बोलणाऱ्याला गप्प करू लागला. जाहिरातदाराला त्याचा पत्ताही नसे.

पुंगळी काढलेली बुलेट

इंजिनचा आवाज दाबायचं काम १८९७ मध्ये अमेरिकेतल्या रीव्हज बंधूंच्या पेटंटनं सुरू केलं. त्याची पद्धत आजही फार बदललेली नाही. सिलिंडरमधून धूर सलग येत नाही. प्रत्येक स्फोटाबरोबर एक धक्का बाहेर पडतो. सायलेन्सरमध्ये हे धक्के भोकं पाडलेल्या नळ्यांतून आणि रुंद कप्प्यांतून फिरतात. जागा मिळाल्यावर त्यांचा जोर पसरतो, कप्प्यांच्या भिंतींवरून परतलेल्या लाटा नव्या लाटांना छेद देतात आणि उरलेला बराचसा आवाज लोकरीसारख्या भरावात उष्णता होऊन जिरतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२० मध्ये सायलेन्सरची व्याख्या करताना धूर पसरायच्या कप्प्याचाच उल्लेख आहे.

बंदुकीचा सायलेन्सर आला १९०९ मध्ये. त्याचा जनक हिराम पर्सी मॅक्सिम, आणि त्याचे वडील मॅक्सिम मशीनगनचे निर्माते. तोफा-बंदुकांच्या आवाजानं वडिलांची श्रवणशक्ती गेली आणि मुलानं बंदुकीला गप्प करायचं साधन काढलं. सिनेमात दाखवतात तसा नुसता 'फुस्स' आवाज मात्र येत नाही. बंदुकीच्या तोंडाशी होणारा स्फोट त्यानं मंदावतो, पण गोळी ध्वनीपेक्षा, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४३ मीटरपेक्षा, जास्त वेगानं जात असेल तर तिचा हवेतला कडाका वेगळा ऐकू येतोच. तो कोणत्याही नळकांड्यानं दाबता येत नाही.

गावोगावच्या गॅरेजमध्ये आज उलटं काम चालतं. बुलेटच्या सायलेन्सरमधली पुंगळी काढून टाकतात किंवा फटाके फोडणारा सायलेन्सर बसवतात. पुणे, नागपूरसारख्या शहरांत वाहतूक पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवले आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दहा डेसिबलच्या फरकाचा अर्थ ध्वनीची तीव्रता दसपट. चालवणाऱ्याच्या पाठीमागे राहणारा हा आवाज ऐकावा लागतो तो ज्वरानं फणफणलेल्या आजीला, नुकत्याच झोपलेल्या बाळाला आणि बारावीच्या अभ्यासाला बसलेल्या मुलीला. स्वतःचा आवाज दाबायचं साधन मुद्दाम काढून टाकणं, हा म्यूटच्या इतिहासातला सगळ्यात उद्धट प्रकार म्हणावा लागेल.

सर्वांना म्यूट करा

ऑनलाइन मीटिंगमध्ये म्यूटचे सगळे अर्थ एका पडद्यावर आले. आपल्या घरातला कुकर वाजतोय, म्हणून आपणच माइक बंद करतो. हा व्हायोलिनचा म्यूट. यजमान एका बटणानं सगळ्यांना गप्प करतो, हा सेन्सॉरचा. बटण दाबलं म्हणजे माइक ऐकायचा थांबतो, असंही नाही. आपण म्यूटवर बोलू लागलो की 'तुम्ही म्यूट आहात' अशी पाटी येते, म्हणजे यंत्राला आवाज पोचतोय. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये अशी अ‍ॅप्स तपासली, तेव्हा म्यूट असतानाही माइकमधली माहिती वाचली जात असल्याचं आढळलं.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा म्यूट सर्वात सभ्य आणि सर्वात निष्ठुर. सोसायटीचा, शाळेच्या पालकांचा, भावकीचा ग्रुप आठ तास, आठवडाभर किंवा कायमचा म्यूट करता येतो. ग्रुप सोडला की चर्चा होते. म्यूट केल्याचं कोणालाच कळत नाही. सकाळची सुविचारांची रांग टाळायला हे ठीक आहे. पण एकट्यानं राहणारी मावशी त्याच ग्रुपवर 'आज बरं वाटत नाहीये' असं लिहीत असेल, तर तो निरोपही तिथेच न वाचता पडून राहतो.

झूमवर यजमान सहभागी माणसाचा माइक बंद करू शकतो, पण त्याच्या संमतीखेरीज चालू करू शकत नाही. फक्त विनंती पाठवता येते. ही व्यवस्था रास्त आहे आणि ती पडद्याबाहेरही पाळावी. स्वतःच्या गाडीचा, स्पीकरचा, मंडळाच्या डीजेचा आवाज आधी दाबावा. दुसऱ्याचा माइक बंद करावा लागला तर का केला ते सांगावं आणि बोलायची पाळी त्याला परत द्यावी. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे म्यूट केलेले ग्रुप महिन्यातून एकदा तरी उघडून पाहावेत.